आधी बंदुकीचं सांगा

शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलमध्ये कुणाकडे हळदीकुंकवाला गेलं की आम्ही बायका दारात बूट काढतो, कोट बेडरूममधल्या ढिगावर टाकतो आणि स्वयंपाकघराकडे वळतो. नलूमावशी बूट काढत नाहीत. बर्फाने माखलेल्या बुटांसकट त्या पायपुसण्यावर ठाम उभ्या राहतात आणि जिच्याकडे आलो तिला विचारतात, "घरात बंदूक आहे का?"

आवाज चढवून नाही, कुजबुजूनही नाही. चहात साखर किती, हे विचारावं तसं. 'नाही' म्हटलं की मावशी खाली वाकून नाड्या सोडायला लागतात. 'आहे' म्हटलं की पुढचे प्रश्न येतात. कुठे ठेवता? कुलूप आहे का? किल्ली कुणाकडे? गोळ्या वेगळ्या ठेवता का? उत्तरं पटली तर बूट निघतात. नाही पटली तर मावशी दारातच हळदकुंकू लावून घेतात (नवरा गेल्यावरही आम्ही बायकांनी त्यांना वगळलेलं नाही), वाण पिशवीत टाकतात आणि मला म्हणतात, "चल गं, गाडी काढ." मी त्यांच्या मागच्या गल्लीत राहते. बर्फात गाडी चालवणं त्यांनी सोडलंय, तेव्हापासून त्यांची गाडी म्हणजे मी. त्यामुळे माझंही हळदीकुंकू पुष्कळदा दारातच आटोपतं. एके ठिकाणी तर आत बटाटेवडे तळत होते. तो वास मी अजून विसरलेले नाही.

असं कसं हो तोंडावर विचारायचं, असं मी सुरुवातीला म्हणायची. "विचारायला कसली लाज?" हे मावशींचं ठरलेलं उत्तर. इथल्याच लायब्ररीच्या काउंटरवर त्यांनी आयुष्य काढलं. तिथे कुणी मूळव्याधीवरचं पुस्तक मागायचं, कुणी घटस्फोटावरचं, आणि मावशी चेहऱ्यावरची रेघ न हलवता ते काढून द्यायच्या. इतकी वर्षं लोकांनी विचारलं, आता मी विचारते, असं त्यांचं साधं गणित होतं.

पुण्याहून नुकत्याच आलेल्या एका मुलीची यात भलतीच पंचाईत झाली. नवऱ्याचा व्हिसा नवा, अपार्टमेंट भाड्याचं, सामानही पुरतं उघडलेलं नाही. ओव्हरकोटातल्या पिकल्या केसांच्या बाई दारात उभ्या राहून बंदुकीची चौकशी करतायत म्हटल्यावर तिला वाटलं, ही सरकारी तपासणी आहे. तिच्या तोंडचं पाणी पळालं. बंदूक नाही हो, प्रेशर कुकर आणलेत दोन, पण ते कस्टममध्ये दाखवले होते, असं ती काकुळतीने सांगायला लागली. मावशींनी कुकर माफ केले आणि बूट काढले.

अमेरिकन माणसांनाही सूट नाही. त्यांचा शेजारी हॅरल्ड हरणांची शिकार करतो. त्याला हा प्रश्न विचारल्यावर तो चिडेल असं मला वाटलं होतं. तो खूश झाला. मावशींना तळघरात नेऊन त्याने लोखंडी कपाट दाखवलं. मावशींनी कपाटाची मूठ दोनदा हिसकून पाहिली, गोळ्यांचा डबा दुसऱ्या खोलीत असल्याची खात्री केली आणि वर येऊन त्याच्या बायकोने केलेला केक निवांत खाल्ला. तेव्हापासून दर हिवाळ्यात हॅरल्ड त्यांना हरणाच्या मांसाचं पाकीट आणून देतो. मावशी पक्क्या शाकाहारी. पाकीट माझ्या फ्रीजरमध्ये येतं. बंदुकीशी माझं भांडण नाही, बिनकुलपाच्या बंदुकीशी आहे, असं त्या हॅरल्डचं उदाहरण देऊन सगळ्यांना सांगतात.

आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या पुरुषांना मात्र हे झोंबायचं. त्यात नागपूरचे गाडगे पुढे. गाडग्यांच्या घरी बंदूक नव्हती, पण हक्क कायम भरलेला असायचा. संक्रांतीच्या कार्यक्रमात त्यांनी मावशींना गाठून अमेरिकन घटनेची शस्त्राचा हक्क देणारी दुसरी दुरुस्ती ऐकवली. मावशी, तुम्ही समजून नाही राहिल्या, म्हणाले, हा या देशाचा पाया आहे, उद्या सरकारच उलटलं तर? मावशींनी तिळाची वडी पुरती चावून खाल्ली. "सिटिझनशिपच्या परीक्षेला मीही घटना पाठ केली होती, गाडगे. बंदूक ठेवायचा हक्क तिने लोकांना दिला. त्यांच्या घरी न जायचा हक्क मला दिला." गाडगे पुढचं कलम काढणारच होते. एवढ्यात कुणीतरी त्यांच्या हातात वडी ठेवली म्हणून बरं.

हे सगळं गमतीत चाललं होतं. मग मावशींच्या मुलानेच बंदूक घेतली.

निखिल इथेच जन्मलेला. कन्सल्टिंगची नोकरी, सोमवारी पहाटेचं विमान पकडायचा, गुरुवारी संध्याकाळी परत. बायको प्रिया सांगलीची, मुलगी मीरा पाच वर्षांची, आणि दुसरं मूल वाटेवर. दोन हजार सातच्या शरद ऋतूत त्यांच्या रस्त्यावरच्या दोन घरांत चोऱ्या झाल्या. एका घरात तर माणसं वर झोपलेली असताना. निखिल मूर्ख मुलगा नाही. त्याने बंदुकीसाठी लागणारं राज्याचं कार्ड काढलं, शिकवणी घेतली, मग हँडगन आणली आणि पलंगाशेजारच्या खणात ठेवली. भरून. चोर जिन्यात आलेला असताना कुलूप कोण उघडत बसणार, असं त्याचं म्हणणं. खरं सांगते, त्याच्या जागी मी असते तर कदाचित मीही हेच केलं असतं.

दिवाळीला चकल्यांचा डबा घेऊन मावशी मुलाच्या दारात उभ्या राहिल्या आणि पोटच्या पोरालाही त्यांनी तोच प्रश्न विचारला. निखिलने खोटं सांगितलं नाही. चकल्यांचा डबा उंबऱ्याच्या आत गेला, मावशी बाहेर राहिल्या. गाडीत त्या फक्त एवढंच म्हणाल्या की, कुलूप लावेपर्यंत मी त्या घरात पाऊल टाकणार नाही.

नातू झाला की विरघळतील असं आम्हाला सगळ्यांना वाटत होतं. जानेवारीत नातू झाला. हॉस्पिटलात मावशींनी त्याला मनसोक्त मांडीवर घेतलं. बाळ घरी आलं आणि मावशींचे रविवार सुरू झाले. मी त्यांना निखिलच्या घरी सोडायची. त्या डिकीतून घडीची खुर्ची काढायच्या आणि ड्राइव्हवेच्या मधोमध मांडून बसायच्या. अंगावर वारलेल्या नवऱ्याचा ओव्हरकोट, डोक्याला माकडटोपी, तिच्यावर आणखी एक लोकरीची टोपी, मांडीवर थर्मास. प्रिया समोरच्या खिडकीत बाळाला धरायची. मावशी मुठीत मीठमोहरी घेऊन काचेच्या दिशेने त्याची दृष्ट काढायच्या. कुत्री फिरवणारे लोक थबकून बघायचे. समोरच्या बाईंनी एकदा बेल वाजवून निखिलला विचारलं, तुझी आई बाहेर अडकली आहे का? दुसऱ्या एकीने गरम चॉकलेट आणलं, तिसरीने ब्लँकेट. निखिलची लाजेने पुरेवाट झाली. तरी तो ऐकेना, आणि मावशी उठेनात. आईची हट्टाची शिकवण मुलाने किती नीट घेतली होती, ते बघून मला हसावं की रडावं कळत नव्हतं.

परतताना मावशी आधी कुलपाबद्दलच बडबडायच्या. पुढे पुढे त्या गप्प राहायला लागल्या. एका रविवारी म्हणाल्या, प्रिया बाळाला काचेशी धरते, पण बाळाकडे बघत नाही. मी म्हटलं, झोप होत नसेल, बाळंतीण आहे. पुढच्या चौकात म्हणाल्या, आता कुलपाने भागायचं नाही, बंदूक घराबाहेर गेली पाहिजे. मी मनात म्हटलं, घ्या, आता बाईंनी ताळतंत्रच सोडलं.

मार्चच्या सुरुवातीला बारसं ठरलं. मंडळातली झाडून सगळी माणसं बोलावलेली. रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग, दाराला झेंडूचं प्लॅस्टिकचं तोरण, आणि ड्राइव्हवेत, भरजरी साडीवर ओव्हरकोट चढवून, आजी. येणारा प्रत्येक जण विचारायचा, मावशी, बाहेर का? मावशी प्रत्येकाला न लपवता सांगायच्या की आत बंदूक आहे, बेडरूमच्या खणात, भरलेली, मुलं सांभाळा. दोन आयांनी तिथेच पोरांची मनगटं पकडली. गाडगे आले ते आत गेलेच नाहीत. हातमोज्यातली बोटं नाचवत त्यांनी वाद सुरू केला, आणखी चार पुरुष भोवती जमले. आईबापाला घर राखायचा हक्क आहे की नाही, पोलिस यायला किती वेळ लागतो, उद्या सुप्रीम कोर्ट काय म्हणेल. मावशी थर्मासमधला चहा पीत ऐकत होत्या. आत पाळणा सजून तयार होता आणि आजीशिवाय बाळाला पाळण्यात घालायला कुणी धजत नव्हतं.

शेवटी निखिल बाहेर आला. अंगात रेशमी झब्बा, पायात सपाता, हातात लोखंडी पेटी. लोकांसमोर त्याने ती वर धरली.

"आई, यू विन. लॉकबॉक्स आणली. अनलोड करून आत टाकली. आता प्लीज आत चल, लोक वेट करतायत."

गाडग्यांनी सुद्धा टाळ्या वाजवल्या. मी थर्मासचं झाकण लावायला घेतलं.

मावशींनी पेटीकडे पाहिलं. किल्ली कुणाकडे, त्यांनी विचारलं. निखिल म्हणाला की किल्ली नाही, कोड आहे, त्याला आणि प्रियाला माहीत असलेला. तो आठवडाभर घरी नसतो, तिला नको का?

"मग नको," मावशी म्हणाल्या.

कुणीतरी मोठ्याने उसासा टाकला. मलाही त्या क्षणी त्यांचा मनापासून राग आला. मावशींनी सगळ्यांना आत जायला सांगितलं. निखिलला मात्र हाताने थांबवलं, आणि मलाही, कारण बर्फावर उठायला त्यांना माझा दंड लागतो. पण त्या उठल्या नाहीत.

"बाबा गेले त्यानंतरचा हिवाळा आठवतो?" त्या निखिलला म्हणाल्या. "तू रोज फोन करायचास. मी म्हणायचे, मजेत आहे."

"हो. यू वेअर फाइन."

"नव्हते. चारला अंधार पडला की वाटायचं, पुरे झालं आता. रोज नाही. पण जेव्हा वाटायचं तेव्हा अगदी खरं वाटायचं. आणि ते जायचं, निखिल. भात टाकला, बातम्या लागल्या, की जायचं. तेवढ्या वेळात घरात हाताशी काही नव्हतं, म्हणून मी आज इथे बसले आहे."

निखिलच्या सपातांत बर्फ शिरत होता.

"तू चोर बाहेरून येताना बघतोस. मी इतके रविवार त्या खिडकीकडे बघत बसलेय. तिच्या आईचा व्हिसा झाला नाही, सोमवारी तू जातोस, दोन पोरं घेऊन ती या बर्फात एकटी असते. तिचा चेहरा मी ओळखते. कुलूप मी मीरासाठी मागत होते. प्रियासाठी ते पुरायचं नाही."

"मला का नाही सांगितलंस?" निखिल म्हणाला. पहिल्यांदाच तो पूर्ण मराठीत बोलला.

"तू विचारायचास, कशी आहेस. त्याला मजेत एवढंच उत्तर असतं, बाळा."

निखिलने पेटी गाडीच्या डिकीत ठेवली. जिथून बंदूक आणली त्याच दुकानात परत द्यायला तो झब्ब्यावर जॅकेट चढवून निघाला. गाडीची किल्ली त्याच्या हातून दोनदा बर्फात पडली, म्हणून गाडगे बाहेर येऊन गाडी चालवायला बसले. काय झालं ते त्यांना कळलं नव्हतं, पण त्यांनी विचारलं नाही, आणि हक्काबद्दल अवाक्षरही काढलं नाही.

माझा दंड धरून मावशी उठल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, त्या आता पाळण्याकडे धाव घेणार. बाळ मंडळातल्या एकीच्या मांडीवर होतं. मावशींनी जाता जाता त्याच्या पायाला हात लावला आणि त्या सरळ बेडरूममध्ये गेल्या, मागोमाग मी. प्रिया पैठणी नेसून पलंगाच्या कडेला बसली होती, पाहुण्यांकडे जायला तयार, पण उठत नसलेली. मावशी तिच्याशेजारी बसल्या.

"प्रिया, दिवसात सगळ्यात नकोसं कधी होतं?"

प्रियाने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर नेहमीचं हसू यायला लागलं होतं. ते अर्ध्यातच राहिलं.

"तीनला," ती म्हणाली. "मीराची बस यायच्या आधी."

"माझं चारला व्हायचं," मावशी म्हणाल्या. "आता मी इथेच राहतेय. तीनला मी घरात असेन. आणि सोमवारी आपण दोघी डॉक्टरांकडे जाऊ."

प्रियाने त्यांच्या ओव्हरकोटाच्या बाहीत तोंड खुपसलं. मी घाईने दाराकडे वळले. हॉलमधून हाक आली की मुहूर्त टळतोय, बाळाच्या आईला आणि आजीला घेऊन या.

"थांबा म्हणावं त्यांना," मावशी मला म्हणाल्या. मी दार ओढून घेतलं आणि बाहेर कुणाला आत येऊ न देता उभी राहिले.