तानाक्काची बोट

शेवटचं जेवण आम्ही दोघं झोक्यावर बसून जेवलो. सोमवार होता. भाकरी, पावट्याची उसळ आणि वाटीभर दही. फळीच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला आमची तानाक्का, मधे भाकरीची परडी. ती पायानं रेटा द्यायची आणि घास घ्यायची. रेटा, घास. रेटा, घास. दहा-बारा रेटे झाले आणि तिनं नेहमीसारखी फळीवर चापट मारली. म्हणाली, "साकु. मला गरगरतंय."

साकु म्हणजे कानडीत पुरे. तिचं माहेर चिक्कोडीकडचं. भांडण मराठीत सुरू करायची आणि कानडीत संपवायची.

हे झोक्यावर जेवणं म्हणजे म्हातारपणीचे लाड नव्हेत. ती बोटीची परीक्षा होती.

निपाणीत आमची गल्ली तिला तानाक्का म्हणायची, मीपण तेच म्हणायचो. बायकोला आक्का म्हणतोस व्हय रं, म्हणून लोक हसायचे. हसू देत. त्यांनी तिच्याशी संसार करून बघायचा होता.

परकर नेसत होती तेव्हापासून ती विड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, बूड जमिनीला. पन्नाशी ओलांडल्यावर एक दिवस सूप बाजूला सारलं आणि म्हणाली, "जन्मभर बसून काम केलं. आता बसून फिरायचं."

मी म्हटलं, देवाला जाऊ. तर म्हणाली, "समद्या देवांनी डोंगरावर घरं बांधल्यात. माणसाच्या गुडघ्याचा इचार एकानं तरी केलाय?" हे खरंच होतं. माझे गुडघे कुरकुरायचे आणि तिचा देह असा की रिक्षावाला आधी तिच्याकडं बघायचा, मग टायरकडं.

बेळगावात कॅम्पात तिचा एक मावसभाऊ राहायचा, फौजेतनं परत आलेला. त्याच्या भिंतीवर बोटीचं कॅलेंडर होतं. तानाक्कानं विचारलं, हिच्यात काय करायचं असतं? तो म्हणाला, काय न्हाय, बसायचं. जेवण झालं की घंटा वाजवून बोलावत्यात. झालं. त्या दिवसापासून देव सुटला आणि बोट लागली.

हे ऐंशी सालाच्या आगंमागं. पुढं सात वर्षं आम्ही बोट निवडत होतो. आम्हाला पोरबाळ नाही. जावई पारखायची हौस तिनं बोटीवर भागवून घेतली.

बेळगावात प्रवासाचं एक ऑफिस होतं. तिथल्या चष्मेवाल्या माणसाला आम्ही आत येताना दिसलो की तो आधी पाणी प्यायचा. तो बोटींचे रंगीत कागद पुढं टाकायचा. तानाक्का एकेक कागद उचलून खिडकीकडं उजेडाला धरायची, विडीचं पान बघावं तसा. पानाला भोक असलं तर विडी ओढत नाही, म्हणून वळणाऱ्या बायका ते बाजूला टाकतात. जे जे नापसंत, ते तिच्या तोंडी 'भोकाचं पान'. आमदार भोकाचं पान, माझा भाऊ भोकाचं पान, एकदा तर अख्ख्या लग्नालाच तिनं भोकाचं पान म्हटलं आणि न जेवता परत आली.

पहिली बोट गोव्याची. एका रात्रीत पोचते म्हटल्यावर हिनं कागद परत केला. पोचायचीच घाई असंल तर लाल गाडी हाय की, समुद्राला कशाला तरास? दुसरी बोट बेटांवर जाणारी. तिथं म्हणे बेटाजवळ शिडीनं लहान होडीत उतरावं लागतं. तिनं माझे गुडघे बघितले, स्वतःचा पदर सावरला आणि त्याला म्हणाली, आमास्नी उतरवायला तुमी क्रेन ठेवलीया का?

तिसरी परदेशी, सात मजली. तिच्या कागदावर गोरी माणसं पाण्यात उड्या मारत होती, रिंगा फेकत होती आणि सकाळच्या उन्हात चड्डीवर पळत होती. तानाक्कानं विचारलं, हे सक्तीचं हाय काय? तो नाही म्हणाला. तरी हिला पटेना. आता न्हाय म्हणताय, समुद्रात नेऊन म्हणाल पळा. आणि बोटीवर पळून माणूस जाणार कुठं, फिरून तिथंच की.

त्या कागदावर दर जोडप्याच्या हाताला दोन-दोन पोरं होती. एकाच्या हातात फुगा. ती बराच वेळ त्या फुग्याकडं बघत बसली. मग विचारलं, "पोरं नसली तरी घेता न्हवं?"

चष्मेवाला हसायचा थांबला. घेतो म्हणाला.

"आणि जेवताना कोण इचारत न्हाय न्हवं, किती हायेत म्हणून?"

मी बाहेर बघत बसलो. रस्त्यानं फौजेचा ट्रक चालला होता.

तो कागद तिनं घरी आणला, पुढं आणखीही बोटींचे आणले. कागदावर पास झालेल्या बोटीची घरी झोक्यावर परीक्षा व्हायची. आमच्या लग्नाच्या साली मी माजघराच्या तुळईला पाळण्यासाठी दोन कड्या मारून घेतल्या होत्या. त्या तशाच राहिल्या. तानाक्कानं सुताराकडनं फळी आणली आणि त्याच कड्यांना साखळ्या अडकवल्या. झोक्यावर जो पोटभर जेवला तो समुद्रात जेवला, हा तिचा नियम. आणि दर वेळी अर्ध्या भाकरीवर चापट. "साकु. मला गरगरतंय." ती बोट बाद.

मी तंबाखूच्या वखारीत कामाला होतो. तिथं मिशीवर हात फिरवून सांगायचो, माझं काय न्हाय रं, मी अमेरिकेला जाऊन येईन, पर आमच्या हिला झोका सोसत न्हाय. तिच्या तोंडावरसुद्धा म्हणायचो, तुझं पोट म्हणजे फुटकी घागर. ती काही बोलायची नाही. तिनं न बोलणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

खरं सांगायचं तर त्या वेळी माझ्यापण डोळ्यांपुढं भिंत फिरायची. साखळी घट्ट धरायला लागायची. दोनदा परसात जाऊन मी पोट रिकामं केलं. पण तीस वर्षं वखारीची धूळ नाकात गेलेला माणूस मी. मला वाटायचं तंबाखू चढलाय. सुट्टीच्या दिवशीही तंबाखूच चढायचा.

त्या सोमवारी जेवण झाल्यावर ती म्हणाली जरा पाठ टेकते. चहाला हाक मारली तर उठली नाही. डॉक्टर आला, त्यानं नाडी धरली आणि माझ्याकडं बघितलं. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. जन्मात पहिल्यांदा तानाक्का दहा चौकशा न करता कुठं गेली असेल तर त्या दिवशी.

संध्याकाळी शेजारी राहणाऱ्या शाळेतल्या बाई आल्या. आमच्या हिची पत्रं त्याच लिहून द्यायच्या. त्यांनी एक पाकीट माझ्या हातात दिलं. उद्या टाकणार होते म्हणाल्या. पाकिटावर त्या तिसऱ्या, सात मजली बोटवाल्या कंपनीचा पत्ता होता. मी चौथी शिकलेला, अक्षरं जोडत जोडत वाचलं.

"साहेबांस नमस्कार. तुमची बोट पसंत आहे. आम्ही दोघंच आहोत, मूल नाही. पोहता येत नाही, पळणार नाही. आमच्या मालकांना झोक्यावर गरगरतं. तोंड पांढरं पडतं, पण ते कबूल करत नाहीत. म्हणून मीच थांबवते. बोटीच्या मधोमध कमी हलतं असं कळलं, तर तिथली खोली द्यावी. आणि उत्तर मालक वाचतात, म्हणून त्यात गरगरणं माझ्या नावावर लिहावं."

 मी पत्राची घडी घालून खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीनं कडू घास आणला. माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही, तेव्हा शेजार आणून घालतो ते जेवण. पिठलं आणि भाकरी. मी ताट घेतलं आणि झोक्यावर जाऊन माझ्या टोकाला बसलो. माझा धाकटा भाऊ धावत आला. म्हणाला, "अण्णा, खाली उतर. सुतकात झोक्यावर बसत्यात व्हय? लोक काय म्हणतील?"

मी त्याला म्हटलं, "भोकाचं पान हाईस तू. बाजूला हो."

आणि पायानं रेटा दिला. एका टोकाला वजन नसल्यानं फळी तिरकी चालत होती. रेटा, घास. पाचव्या रेट्याला भिंत फिरायला लागली. सातव्याला दारात उभी राहिलेली माणसं फिरायला लागली. मी साखळी धरली आणि डोळे मिटले. दहा झाले, बारा झाले. फळीवर चापट पडली नाही. मी भाकरी संपवली, ताट पुसून घेतलं. पोटात सगळं ठरलं, काही वर आलं नाही.

मग हात लांब करून तिच्या टोकाला मीच चापट मारली.