सव्वा मजला

भोईवाड्यातली चाळ पाडून तिथे टॉवर व्हायचा होता. यादीत नाव असेल त्यालाच नवं घर मिळणार होतं. यादीचं ॲप सिद्धांतने फुकटात बनवलं होतं, त्यामुळे त्याचं भाषण ऐकणं कमिटीला भागच होतं.

“मजल्याचा मी वेगळा टाइपच केलाय,” तो म्हणाला. “शून्य ते तीन. बाहेरचा आकडा आत शिरूच शकत नाही. चूक अशक्य!”

अध्यक्ष शामरावांना टाइप कळला नाही, पण ‘अशक्य’ हा त्यांचा लाडका शब्द होता. चाळकऱ्यांच्या प्रत्येक अर्जावर ते तोच वापरत.

दुपारी कांतामावशी नाव नोंदवायला आल्या. जिन्याच्या वळणावरच्या खोलीत त्यांची चाळीस वर्षं गेली होती.

“कितवा मजला, मावशी?” सिद्धांतने विचारलं.

“पहिल्याच्या वर, दुसऱ्याच्या खाली.”

“असा मजला नसतो.”

“मग मी काय एवढी वर्षं लटकतेय रे?”

“ॲप घेत नाही म्हणजे खोली नाही,” शामरावांनी निकाल दिला.

सिद्धांत ओशाळला. घरी जाऊन त्याने टाइप सैल केला आणि शून्य ते साडेतीनपर्यंत अर्धे मजलेही चालतील असं केलं. ही बातमी चाळीत पसरायला कितीसा वेळ लागणार! सकाळी शामरावांनी गच्चीवरची ‘साडेतीनव्या मजल्यावरची’ खोली नोंदवली. तिथे फक्त पाण्याची टाकी होती. तळमजल्यावरच्या रघुवीरने जिन्याखाली सायकल लावायच्या जागेला ‘अर्धा मजला’ केलं. ऐंशी खोल्यांच्या चाळीत एकशे बारा खोल्या झाल्या आणि ॲपने एकीवरही हरकत घेतली नाही.

यादी बंद व्हायला दहा मिनिटं असताना मावशी पुन्हा आल्या.

“दीड टाकतो हां,” सिद्धांत म्हणाला.

“दीड कसं? वीस पायऱ्यांतली पाचवी माझी. सव्वा होतं.”

त्याने सव्वा टाकलं. ॲपने नाकारलं.

“मावशी, दीडच टाकूया ना. कोण मोजायला येतंय?”

“आणि आला कुणी टेप घेऊन, तर माझंच खोटं निघायचं! शामराव काय टाकीत राहतात?”

“नाही, पण साडेतीन रेंजमध्ये बसतं.”

“आणि माझं सव्वा?”

“नाही बसत.”

“खोट्याला आत घ्यायचं नि खऱ्याला बाहेर ठेवायचं, एवढ्यासाठी तू महिनाभर राबलास? त्याला शामराव होते की रे!”