आप्पांची हत्यारं

शुक्रवारी खिडकी शाळेच्या जिन्यात उभी राहिली नाही तर नाव सांगणार नाही, असं आप्पांनी सोमवारी जेवताना जाहीर करून टाकलं. रंगीत काचांच्या खिडक्या करण्यात चाळीस वर्षं गेलेल्या माणसाला सात तुकडे म्हणजे काय? बगळ्याचा एक पाय, थोडं लव्हाळं आणि पाण्याची एक लाट, एवढंच बाकी होतं. मुलाने आणि सुनेने एकमेकांकडे पाहिलं. आप्पांना वाटलं, कौतुकाने.

मंगळवारी डोळे तपासून घरी आले आणि मागच्या खोलीत गेले, तर कामाचं टेबल तळहातासारखं साफ. काच कापायचं कटर नाही, कडा कुरतडायची पक्कड नाही, काचा जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या कापायची वाकडी सुरी नाही, सोल्डरिंग आयर्नसुद्धा नाही. लव्हाळ्याची हिरवी काच तेवढी जागच्या जागी. चोराला काचेत रस नसावा.

खालच्या मजल्यावरच्या प्लंबरने मागे एकदा ती पक्कड नेली होती आणि नळाच्या नटावर चालवून बोथट करून परत आणली होती. आप्पा तडक खाली गेले आणि त्याला बायकोदेखत चोर म्हणाले. प्लंबर लालबुंद झाला. त्याने दार लावून घेतलं. वर येऊन आप्पांनी सांगितलं की गुन्हा कबूल झाल्यातच जमा आहे, आता पोलिसांत जातो. मुलाचा चेहरा पडला. परवा तुमचा पंचाहत्तरावा वाढदिवस आहे, तो होऊ द्या, मग काय ते बघू, म्हणाला.

गुरुवारी संध्याकाळी बाहेरच्या खोलीत वीसेक माणसं जमली. शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. प्लंबरही आला आणि आप्पांची नजर चुकवून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला. सुनेने भिंतीवरचा पडदा बाजूला केला.

मागे दाराएवढी, पुढून काच बसवलेली चौकट. आत निळ्या मखमलीवर आप्पांची सगळी हत्यारं, पुसून, वर वॉर्निश फासून, पक्की चिकटवलेली. चिकटवण्याचं काम प्लंबरकडे होतं, कुणाला सांगणार नाही या बोलीवर. आणि पाणी गळू नये अशा हिशेबाने त्याने ते केलं होतं. प्रत्येक हत्याराखाली छापील चिठ्ठी. कटरखाली ‘खुणा करायचं पेन’. शिशाच्या पट्टीची खाच उघडायला आप्पांनी तरुणपणी हाडातून घासून केलेली पात होती, तिच्याखाली ‘उपयोग अज्ञात’.

मला विचारायचं तरी, आप्पा पुटपुटले. मग सरप्राइज कसलं, सून म्हणाली.

मुख्याध्यापिका बोलायला उभ्या राहिल्या. आप्पांनी निवृत्ती घेतल्याचं चिरंजीवांनी फोनवर कळवलं तेव्हा फार वाईट वाटलं, पण वयाचा मान राखायलाच हवा, म्हणाल्या. खिडकीची काळजी नको. साध्या काचेवर बगळ्याचा छापील कागद चिकटवून घेतलाय, पुसायलाही सोपा. टाळ्या पडल्या. सगळेच वाजवत होते म्हणून आप्पांनीही वाजवल्या.

“मी कधी निवृत्ती घेतली?” त्यांनी मुलाला हळूच विचारलं.

“आप्पा, मागच्या महिन्यात अंगठ्याला तीन टाके पडले. थांबा म्हटलं असतं तर थांबला असतात?”

“नसतो थांबलो.”

“म्हणूनच.”

माणसं खाण्याकडे वळली तसे आप्पा चौकटीपाशी गेले. सात तुकडे उद्या दुपारपर्यंत झाले असते. तो कागद मग खरवडता आला असता. त्यांनी काच खाचेतून वर सरकवली आणि कटर धरून ओढलं. कटर ढिम्म. काच मात्र निसटली आणि फरशीवर फुटली. सगळे धावले. कुणी खुर्ची दिली, कुणी पाणी. हात थरथरतो हो हल्ली, असं सून पाहुण्यांना सांगताना त्यांनी ऐकलं. प्लंबर खाली बसून तुकडे वेचत होता. आप्पांनी वाकून त्याची माफी मागितली.

“राहू द्या,” तो मायेने म्हणाला. “या वयात होतं असं.”

टाके पडताना एवढं दुखलं नव्हतं.

रविवारी मुलाने चौकटीला नवी काच आणली. ती बोटभर लांब निघाली. परत नेईपर्यंत दुकान बंद झालेलं. तेव्हा ती घेऊन तो मागच्या खोलीत आला.

“आप्पा, एवढी पट्टी उडवून देता? तुम्हाला काय, दोन मिनिटांचं काम.”

आप्पा उठले. टेबलावर जाड कापड पसरलं, काच ठेवली, दोनदा मापून शाईची रेघ मारली. मग सवयीने उजवा हात कटरच्या जागेकडे नेला. तो तिथेच राहिला. मुलाला कळायला थोडा वेळ लागला. दोघं बाहेरच्या खोलीत आले आणि चौकटीसमोर उभे राहिले.

सून आतून हात पुसत आली. दोघांकडे पाहिलं, चौकटीकडे पाहिलं.

“असू दे बिनकाचेचं,” ती म्हणाली. “त्यातलं काय कुठे जाणार आहे?”