सुभानजी दवंडीवाले यांणी स्वतःचे बरतर्फीची दवंडी दिली, ते समयीची हकिकत

श्रीगजाननास दंडवत, ऐकणारांस निवांतपणा असो. शके सतराशे, विलंबी नाम संवत्सरे, कोणे एके राज्यात सुभानजी म्हणोन दवंडीवाले होते. डावा पाय जन्मापासोन लुळा, परंतु आवाज ऐसा की वरल्या पेठेत बोलिले तर खालच्या पेठेत दुधावरील साय हाले. सरकारातून टट्टू दिले होते, त्यावर बसोन शहरभर दवंडी देत आणि म्हातारे आईसह पोट भरीत. मग नवे कारभारी विसाजीपंत आले आणि बोलिले, "सगळे चाकर पायी चालतात, तूच काय नवरदेव लागून गेलास? टट्टू जमा कर." सुभानजींनी न्यायाधीशांकडे अर्ज केला, आणि ते कळताच पंतांचे अंगाचा तिळपापड होऊन त्यांणी सुभानजींस चाकरीतून काढिले. परंतु त्या राज्याचा रिवाज मोठा चोख. चाकर काढिला की कारणासुद्धा दवंडी द्यावी, त्याविना बरतर्फी लागू नाही. आणि दवंडी देणार शहरात एकच, तेच काढिलेले.

मग पंतांनी बोलावून आज्ञा केली, "ही शेवटची चाकरी कर." सुभानजी अदबीने बोलिले, "जी सरकार. कारण काय सांगो?" पंत गरजले, "अर्ज केला म्हणोन काढिला, सांग सगळ्यांस! पुन्हा कोणी धजायचा नाही." "आणि शहर फिरावे कैसे?" पंतांनी पागेकडे बोट दाखविले. मग बोलिले, "ने ते टट्टू." मग सुभानजी स्वार जाहले आणि डफ वाजवीत पेठोपेठी गर्जले, "ऐका हो ऐका! सुभानजीने अर्ज केला म्हणोन काढिला हो!" काय ती निष्ठा! शब्द चोरिला नाही, सूर पाडिला नाही, आणि न्यायाधीशांचे दारी तर विशेष मन लावोन दिली.

पुढे सुनावणीस पंत बोलिले, "पायाने अधू, काम होईना, म्हणोन काढिला." न्यायाधीशांनी पुसिले, "मग काल शहरभर ओरडला तो कोण?" "तोच, महाराज. टट्टूवरून." "म्हणजे टट्टू दिले की काम होते. आणि कारण तर आम्ही जेवता जेवता ऐकिले, घास हातात राहिला." मग चाकरी व टट्टू परत देवविले आणि पंतांचे अपराधाची दवंडी देण्याची आज्ञा जाहली. पंत बाहेर येऊन हळूच बोलिले, "सुभानजीराव, जरा दमाने घ्या. शेजारचे आळीत आमची सासुरवाडी आहे." सुभानजी मुजरा करोन बोलिले, "ठाऊक आहे, पंत. तुमचे सासरे कानाने जड, त्यांस ऐकू जाईल ऐसीच देतो."

सारांश, सुभानजींची चाकरी कायम जाहली, आणि पंत त्या सालापासोन सासुरवाडीस मागील दाराने जाऊ लागले. इतकेच वर्तमान.