मांजर टेबलाखालीच आहे

शिवहारच्या कार्डावर छापलं होतं: ‘शिवहार नामाजी, मु. पो. साखरा. मराठवाड्यातील एकमेव शास्त्रशुद्ध गुप्तहेर. नजर घारीची, बुद्धी तलवारीची. हरवलेलं शोधून मिळेल.’ बहिणीच्या लग्नपत्रिकेच्या उरलेल्या कागदावर छापल्यामुळे वर गणपती होता आणि खाली ‘आपल्या आगमनाने आनंद द्विगुणित करावा’. आपण गुप्तहेर आहोत हे गुपित त्याने अख्ख्या कॉलेजला स्वतःच सांगितलं होतं. आजवर त्याची एकच केस सुटली होती, हरवलेल्या शेळीची. शेळी तिसऱ्या दिवशी आपणहून घरी आली. शिवहारच्या मते ती दबावाखाली आली.

मी त्याची सहायक, गोरेगावची नाहिद. माझी नेमणूक मला न विचारता झाली.

२००२च्या जुलैत विद्यापीठाने हिंगोलीत रशियन भाषेचा प्राथमिक वर्ग काढला. सकाळी आठ ते नऊ, अकरा विद्यार्थी, अठरा धड्यांचं एक पुस्तक आणि किशनराव सर. शिवहार धरून दहाजण प्रमाणपत्रासाठी बसले होते. मला मात्र खरोखर रशियन हवं होतं. पुढच्या सप्टेंबरात मी तिकडे डॉक्टरकी शिकायला जाणार होते. पोचल्यावर भाषेची तोंडी परीक्षा होती, आणि त्यात नापास झालं की उलट पावली घरी. इकडे अम्मीने गोरेगावातल्या प्रत्येक जीपवाल्याला ‘आमची डॉक्टरीण’ सांगून ठेवलं होतं. परत येऊन त्या जीपमध्ये बसायची माझी छाती नव्हती.

पहिल्या धड्यात टेबल होतं. दुसऱ्यात खिडकी. तिसऱ्यात मांजर कुठे आहे, तर टेबलाखाली आहे. चौथा आणि पाचवा धडा नशिबात असला तर व्हायचा. सहावा कधी आलाच नव्हता, कारण त्याआधी एखाद्या सकाळी सर हजेरी घ्यायचे, चेहरा पाडायचे आणि म्हणायचे, “चला, पहिला धडा.” जुलै सरला, दिवाळी आली. मांजर टेबलाखालीच होतं. वर्गात सर वाचायचे आणि आम्ही ऐकायचो. शंका विचारली की म्हणायचे, “विचारायचं नाही. कान द्यायचा.” तोंडी परीक्षेची याहून चांगली तयारी कुठे मिळाली असती?

नोव्हेंबरात मी शिवहारपुढे वैतागले. तिथेच चुकलं.

“पुस्तक लाल फडक्यात काहून बांधून आणतेत सर?” त्याने डोळे बारीक केले. “लाल. रशियाचा रंग.”

“आमच्या घरी पण पाक किताब फडक्यातच असते,” मी म्हणाले.

“ते येगळं. हात धुतल्याबिगर पुस्तकाला शिवत न्हाईत, ते काहून? ठसे. बोटाचे ठसे पडू नाहीत म्हणून.”

“ओल्या हाताचे ठसे जास्तच पडतात.”

“तू सहायक आहेस,” तो म्हणाला. “सहायकानं लिहून घ्यायचं.”

मी लिहून घेतलं. पहिला निष्कर्ष, सर हेर आहेत. सर वर्ग सुटल्यावर अधूनमधून सिद्धेश्वर धरणाकडे जात, म्हणून शिवहार वर्ग बुडवून सकाळपासूनच धरणावर दबा धरून बसू लागला. त्याचा अहवाल असा: ‘संशयिताने एका महिलेस पिशवीतून हिरवा माल दिला. धरणास धोका.’ महिला सरांची मुलगी होती. माल मेथीचा होता.

दुसरा निष्कर्ष, सहाव्या धड्यात लष्करी गुपित आहे. त्याने खिडकीतून सरांच्या पुस्तकातलं चित्र पाहिलं होतं. “गोल पोटाचा बॉम्ब हाय. खाली तोटी बी हाय.”

“बॉम्बला तोटी कशाला? ते चहाचं भांडं आहे.”

“तेच तर त्यांला वाटायला पाहिजे.”

तिसरा निष्कर्ष, सरांना पुढचं येतच नाही. हा मलाही पटला होता, पण तो सिद्ध करायला शिवहार पुन्हा आठवडाभर वर्गाबाहेर फिरला. गंमत अशी की तपासाआधी वर्ग निदान पाचव्या धड्यापर्यंत तरी जायचा. तपास रंगात आला तसा तिसऱ्याच्या पुढे सरकेना.

“बघ,” शिवहार म्हणाला, “गुन्हेगार सावध झाला.”

फेब्रुवारीत एका सकाळी सरांनी हजेरी घेतली, चेहरा पाडला आणि पुन्हा टेबल काढलं. वर्ग सुटल्यावर मी व्हरांड्यात बसून रडले. मला भीती वाटत होती आणि रागही येत होता, सरांचा, त्या मांजराचा, सगळ्यांचाच. शिवहार नेमका तेव्हाच धरणावरून परतला होता. कॉलेजात घंटा देणाऱ्या कमलमावशी पाण्याची कळशी घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या.

“काहून रडून राहिलीस, पोरी?”

मी सगळं सांगितलं.

“एवढंच व्हय? अगं, सर पारायण करून राहिले. पहिल्या दिवशी वर्ग भरायच्या आधी त्यांनी संकल्प सोडला, अकरा लेकरांपुढं पुस्तक पुरं करीन म्हणून. हातावर पाणी मीच घातलं. आता एक जरी लेकरू चुकलं की खंड पडला. खंड पडला की पुन्हा पहिल्या अध्यायापासून. तुमच्या साखऱ्यात असंच असतंय ना रे, शिवहार?”

शिवहारचे आजोबा दर श्रावणात पोथी लावतात. लाल फडक्यातली, हात धुऊन उघडायची. घारीच्या नजरेला घरातली पोथी तेवढी दिसली नव्हती.

“मावशी, चुकतं कोण?” मी विचारलं.

“ह्योच की. आधी फकस्त बाजाराच्या दिवशी शेळ्या घेऊन जायचा. दिवाळीपासून तर आठवड्यात तीन-तीनदा गायब. कुठं उलथतो, देव जाणे.”

शिवहारने वही उघडली, काहीतरी लिहिलं, खोडलं.

“मला संशय व्हताच,” तो म्हणाला. “काम आतल्याच माणसाचं हाय.”

मी त्याला तसाच सरांपुढे उभा केला. सर रागावले नाहीत. “खंडित श्रवण फळत नाही,” एवढंच म्हणाले.

“सर, मग हे आम्हाला जुलैतच सांगायचं ना.”

“संकल्प बोलून दाखवायचा नसतो, नाहिद.”

पुढचे अठरा दिवस, रविवार धरून, मी शिवहारला जीपमधून उतरल्या उतरल्या मनगटाला धरून वर्गात नेलं. शेळ्या बाजाराला त्याच्या वडिलांनी नेल्या. अठराव्या दिवशी पुस्तक संपलं. सरांनी नारळ फोडला, प्रत्येकाच्या हातावर खोबरं ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

“सर,” मी म्हणाले, “सहाव्यापासून पुढचं मला काहीच कळलं नाही.”

“कळण्याचं काय घेऊन बसलीस?” सर समाधानाने म्हणाले. “कानावरून गेलं ना?”

मार्चमध्ये आम्हा अकराही जणांना प्रमाणपत्र मिळालं. सप्टेंबरात मी रशियात एका लांबरुंद टेबलापुढे बसले होते. पलीकडच्या जाडजूड बाईंनी काहीतरी विचारलं. नाव विचारत असाव्यात, पण नाव आठव्या धड्यात होतं. डोळ्यांपुढे गोरेगावची जीप आली. मग मी मान ताठ केली आणि जे पाठ होतं ते खणखणीत आवाजात म्हटलं: मांजर टेबलाखाली आहे.

बाईंनी चष्मा सावरला आणि वाकून टेबलाखाली पाहिलं.

वर आल्या तेव्हा हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांनी माझ्या कागदावर शिक्का मारला आणि मला अगदी पहिल्या वर्गात घातलं. तिथे परत टेबलापासून सुरुवात होती, पण मला त्याचं काही वाटलं नाही. हिंगोलीतल्या आठ महिन्यांच्या रशियनमधलं माझं एक वाक्य कुणाला तरी कळलं होतं.