पत्त्यासकट प्रार्थना

देवाचा पत्ता लोकांना सांगणारे पुष्कळ असतात. आमचे शेजारी शमुवेलकाका लोकांचे पत्ते देवाला सांगत.

"हे दयाळू स्वर्गीय पित्या," अशी अगदी चर्चमधल्या मराठीत सुरुवात व्हायची. "आम्ही तुझी लेकरं नम्रभावे तुझ्या चरणांशी आलो आहोत." इथपर्यंत आवाज भारदस्त, शब्द जागच्या जागी. मग एकदम नागपूर सुरू व्हायचं. "तर प्रभू, ते देशमुख हाय ना, दमावाले. पान्याच्या टाकीमागं, दुसरी गल्ली, दारात पेरूचं झाड, झाडाले सायकल टेकवून असते. सायकल नसली तर समज, हापिसात गेले. मंग संध्याकाळी ये."

नागपुरातली आमची नंदनवन वस्ती तेव्हा नुकती वसत होती. घरांना नंबर होते, पण ज्याला जसं सिमेंट मिळालं तसे ते पडले असावेत, इतके अस्ताव्यस्त. काकांचं स्वयंपाकघर आणि माझं स्वयंपाकघर यांत एकच भिंत, तीही बारीक. मी सकाळच्या शाळेत शिकवायची, त्यामुळे काका मला मास्तरीण म्हणत. संध्याकाळी मी पोळ्या लाटायला बसले की पलीकडे प्रार्थना सुरू होई आणि गल्लीत कोण आजारी, कुणाच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार, हे मला बसल्या जागी कळे. वर्तमानपत्राची गरज पडत नसे.

"काका, देवाला काय पत्ता सांगावा लागतो?" मी एकदा न राहवून विचारलं.

"लागते," काका म्हणाले. "मी एकडाव सांगितला नाही. मंग काय झालं ते वानखेड्याइले इचार."

नंदनवनात येण्याआधी काका लकडगंजात राहत आणि तिथल्याच एका आरा मशीनवर, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीत, लाकूड मोजायचं काम करत. त्या गल्लीत दोन वानखेडे होते, दोघं एकाच सरकारी खात्यात. एकाची नेमणूक नरखेडला. तो बिचारा शनिवारी एसटीने यायचा, सोमवारी पहाटे परत जायचा, आणि इकडे त्याची बायको आजारी. काकांना कळवळा आला. त्यांनी मनापासून प्रार्थना केली, "प्रभू, वानखेड्याची बदली होऊ दे." महिन्याभरात झाली. दुसऱ्याची. नागपुरात सुखाने बसलेल्या, नुकत्याच स्वयंपाकघरात फरशा बसवलेल्या वानखेड्याला नरखेडला जावं लागलं. पहिला तिथेच होता. आता सोमवारी पहाटे एसटी स्टँडवर दोन वानखेडे उभे राहायला लागले. दुसऱ्याची बायको काकांच्या दारात येऊन म्हणाली, "काका, देव तुमचा चांगला हाय, पन आमच्यासाठी पुन्हा काही मांगू नका."

तेव्हापासून काका कुणाचं नाव पत्त्याशिवाय घेत नसत.

मार्थाकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हा सगळा प्रकार मान्य नव्हता. "डोक्यावरचे केस मोजून ठेवले हाय देवानं, बायबलातच हाय. त्याले तुमची गल्ली सापडत नाही काय?"

"त्याले सापडते वं," काका म्हणत. "पन तो काय हरघडी सोता येते? देवदूत पाठवते. त्याइच्यात एखादा नवा असला तर?"

यावर काकू पुन्हा आपल्या कामाला लागत. नव्या माणसाचं काही सांगता येत नाही, हे त्यांनाही पटत असावं.

मी हसायची खरी. पण माझा भाऊ मोटरसायकलवरून पडून दवाखान्यात होता, तेव्हा काका दारात आले. "काय वं मास्तरीण, वार्ड कोनता? कॉट खिडकीकडची का दरवाजाकडची?" मी सांगितलं, खिडकीकडची. दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी भावाला दरवाजाजवळ हलवलं. मी दवाखान्यातून परतले ती चप्पल न काढता आधी काकांकडे गेले. आमच्या घरात गणपती बसतो, पण त्या क्षणी मला एकच काळजी होती, खिडकीकडची कॉट दुसऱ्या कुणाला मिळाली असेल तर. काकांनी डोळे मिटून लगेच दुरुस्ती कळवली. भाऊ बरा झाला, आज लंगडतसुद्धा नाही.

दर गुरुवारी कुणा ना कुणाच्या घरी त्यांच्या चर्चमधल्या मंडळींची प्रार्थना असे. पाळकसाहेब प्रत्येकाला विचारत, "काही विनंती?" कुणी नोकरी मागे, कुणी गुडघे. काकांची पाळी आली की काका म्हणत, "आपलं काही नाही. आपलं बरं चाललं हाय." आणि नेमक्या त्याच वेळी काकूंना चहा आठवे आणि त्या उठून आत जात.

एकदा तुरीच्या शेंगा सोलताना काकूंनी मला सगळं सांगितलं. सुधाकर म्हणून एक मुलगा होता. आहे. त्याला लाकडाच्या धंद्यात पडायचं नव्हतं. बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं, काका म्हणाले, माह्या दारात पाय ठेवू नको, आणि पोट्टा रात्रीतून कोणत्या गाडीत बसला ते कळलं नाही. पुढे लकडगंजातलं ते घर पाडून तिथे गोदाम झालं, आणि हे दोघं नंदनवनात आले. त्याचा पत्ता यांच्याजवळ नाही, यांचा त्याच्याजवळ नाही.

"हे साऱ्या गावासाठी मांगते," काकू म्हणाल्या. "पोट्ट्यासाठी तेवढं मांगत नाही. म्हनते, पत्ता काय सांगू? अर्ध्या पत्त्यावर दुसऱ्याच कोनाचा सुधाकर उचलून आनला तर? तो कुठं सुखात असन बिचारा."

मला हसू आलं नाही. त्यांच्या पुढ्यातल्या शेंगाही मी माझ्याकडे ओढून घेतल्या.

नाताळच्या आधीच्या गुरुवारी प्रार्थना काकांकडेच होती आणि मलाही बोलावणं होतं. पाळकसाहेबांनी विचारलं, "शमुवेलराव, काही विनंती?" काकूंना त्या दिवशी चहा आठवला नाही. त्या बसून राहिल्या आणि काकांकडे बघत राहिल्या.

"हे दयाळू स्वर्गीय पित्या," काका म्हणाले आणि अडले. चर्चमधलं मराठी पुढे आलंच नाही. "प्रभू, सुधाकर. उंच हाय. डाव्या भुवईवर खोक हाय. त्याचा पत्ता माह्याजवळ नाही. म्हनून मी माहा देतो, तू त्याले दे. नंदनवन. पान्याच्या टाकीमागं, तिसरी गल्ली, हिरवा दरवाजा, बाजूले मास्तरीणचं घर. दिवसा कडी लावत नाही आमी. त्याले सांग, बाप काही बोलनार नाही."

दुसऱ्या दिवशी काका लकडगंजात गेले. घर सुटल्यापासून त्यांनी तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. पानठेलेवाला, चहावाला, आरा मशीनचा चौकीदार, सगळ्यांना त्यांनी तोच पत्ता त्याच शब्दांत सांगितला. "देवदूत कोनाच्या रूपात येईन, भरवसा नाही," मला म्हणाले.

काकूंनी नाताळसाठी दाराला निळा रंग आणला होता. काकांनी डब्याचं झाकण उघडू दिलं नाही. "हिरवा सांगितला हाय मी." साऱ्या गल्लीची घरं नाताळला, संक्रांतीला चकचकीत झाली, आणि काकांचं दार पोपडे धरून तसंच राहिलं.

थंडी सरत आली होती. मी शाळेतून परत येत होते. टाकीजवळ एक उंच माणूस पत्र्याची पेटी घेऊन उभा होता. "बाई, तिसरी गल्ली कुठं येते? हिरवा दरवाजा, बाजूला मास्तरीणचं घर?" जुन्या घराच्या जागी गोदाम पाहून तो परत निघाला होता, पानठेलेवाल्याने हाक मारून हे सगळं पाठ म्हणून दाखवलं, असं तो सांगत होता. मी त्याच्या डाव्या भुवईकडे बघत होते.

"मास्तरीण मीच," मी म्हटलं. "चला."

काका पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली, त्याला पाहिलं. मग म्हणाले, "सापडलं ना बरोबर?"

"हो बाबा. एकदम बरोबर."

"मंग ठीक हाय," काका म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला. तो उलटा होता.

मी घरी आले आणि पाटावर नुसती बसून राहिले. इतकं हायसं मला भाऊ घरी आला तेव्हाच वाटलं होतं. संध्याकाळी भिंतीपलीकडे प्रार्थना सुरू झाली. दमावाले देशमुख झाले, पेरूचं झाड झालं, सायकल झाली. मग काका म्हणाले, "आन सुधाकर. मुक्काम..." आणि आवाज थांबला. मी लाटणं हातात धरून बसले होते.

"अहो, बाजूले तर बसला हाय तो," काकूंचा आवाज आला. "आमेन म्हना आता."

आमेन तीन आवाजांत झालं. माझी तव्यावरची पोळी पार करपून गेली होती.