खिडकीकडचा गाल

"फोटो मी काढते," असं मी म्हणाले तेव्हा घरात कुणीच काही बोललं नाही. मी तो होकार समजले. (नवरा नंतर म्हणाला, तो घास गिळत होता.)

झालं असं, की शाळेची बस चालवून सासूबाई निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी जाहीर केलं, की आता बायकांना गाडी शिकवणार. फाटकावर बोर्ड, बोर्डावर त्यांचा फोटो. "आयांनी मला ओळखायला हवं," त्या म्हणाल्या. "बसवाल्या काकूंवर पोरं सोपवून निर्धास्त असायच्या त्या. तेवढ्या ओळखीवर क्लास चालायचाय."

कोपऱ्यावरचे स्टुडिओवाले फोटो काढायला तयारच होते. पण माझ्याकडे नवा कॅमेरा होता, आणि बाहेरच्या उजेडात पोर्ट्रेट कसं काढावं यावरचे इतके व्हिडिओ मी पाहिले होते, की आता फक्त फोटो काढणंच काय ते राहिलं होतं.

शिवाय मला सासूबाईंचं फार कौतुक आहे. मिक्सर सुरू झाला तरी मी दचकते. त्या मात्र बसभर पोरांचा कल्ला पाठीशी घेऊन अरुंद पुलावरून रिव्हर्स घ्यायच्या. अशा बाईचा फोटो आपल्या हातून निघावा, एवढीच माझी इच्छा होती.

पहिला प्रयत्न भर दुपारी केला, कारण उजेड भरपूर होता. (नेमकं हेच करू नका, असं व्हिडिओत सांगतात. पण अगदी शेवटी सांगतात.) सासूबाईंचे डोळे मिचमिचे झाले आणि नाकाखाली अशी दाट सावली पडली, की फोटो बघून त्यांनी शांतपणे विचारलं, "ही मिशी ठेवायची का? बायका घाबरून नीट शिकतील."

मग झाडाखाली नेलं. तिथे पानांमधून कवडसे पडले आणि बोर्डासाठी बिबट्या तयार झाला.

शेवटी मला सुचलं, की डोक्यावर सावली हवी, पण समोर मोकळं आकाश हवं. ती जागा घरातच होती. गॅरेजचं दार. सासूबाईंना उंबऱ्याशी स्टुलावर बसवलं, आणि फ्रिजच्या खोक्यातला पांढरा थर्माकोल नवऱ्याच्या हातात दिला, म्हणजे खालून उजेड चेहऱ्यावर परतेल.

"वर धर. अजून वर. हलवू नकोस."

"मी नाही हलवत, वारा हलवतोय."

"वाऱ्याला बोलू नये, तो आपल्या घरचा नाही," सासूबाई म्हणाल्या. "तू मात्र नीट धर."

खोटं कशाला सांगू, उजेड सुरेख होता. डोळ्यांत आकाशाचा ठिपका चमकत होता, पाठीमागे गॅरेजचा गडद अंधार. मी आनंदाने कॅमेऱ्यात पाहिलं. उजवा गाल काळवंडलेला होता.

थर्माकोल उजवीकडे नेला. गाल तसाच. सासूबाईंना वळवलं, स्टूल वळवलं, नवऱ्याला वळवलं. काही केल्या उजेड त्या एका गालावर रुसलेला. भौतिकशास्त्र मला कॉलेजात होतं, पण त्यात असं काही शिकवलं नव्हतं.

"काही चुकतंय का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही आई, छान येतंय," मी म्हणाले. (माझा आवाज इतका चिरका निघाला, की थर्माकोल खाली पडला.)

म्हटलं, लाइट चुकला तर चुकला, कॉम्प्युटरवर रिटचिंग आहे ना. बोर्डवाला संध्याकाळी दुकान बंद करणार होता. मी घाईघाईने उजवा गाल डाव्याइतका उजळ केला. तसा तो डाव्यापेक्षा गुळगुळीत दिसायला लागला. म्हणून डावा गुळगुळीत केला. मग गालांना कपाळ शोभेना. कपाळ झालं, तर गळा कुणा दुसऱ्याचा वाटायला लागला. गळा झाल्यावर केसांनी काय घोडं मारलं होतं? बोर्डवाल्याचा फोन आला, मी दचकले, आणि त्या दचकण्यात फोटो पाठवला गेला.

बोर्ड आला, फाटकावर चढला. सासूबाई चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिल्या.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "कोण आहे ही?"

मी पुटपुटत लाइटचं सांगितलं, काळवंडलेल्या गालाचं सांगितलं. त्यांनी मला गॅरेजच्या दाराशी नेलं आणि चेहरा पुढे केला. "नीट बघ. लाइट बरोबरच होता तुझा. हा गाल खिडकीकडचा. इतकी वर्षं ऊन याच बाजूने येत होतं."

लग्न होऊन सहा महिने झाले होते, पण सासूबाईंच्या तोंडाकडे इतका वेळ टक लावून बघायची माझी कधी हिंमतच झाली नव्हती. अख्खी नोकरी त्या गालावर होती. आणि मी ती अर्ध्या तासात पुसून टाकली होती.

परिणाम लगेच दिसला. म्हणजे काहीच दिसला नाही. आया फाटकावरून जायच्या, बोर्ड वाचायच्या, पुढे जायच्या. कुणी नवीन बाई राहायला आली असावी, असं गल्लीत ठरलं. मी रात्रंदिवस रडवेली. दुसरा बोर्ड करू, मी म्हणत होते. सासूबाई गाडीच्या काचा पुसत होत्या.

अखेर बँकेतल्या एक कारकून बाई आल्या; लायसन होतं, हिंमत नव्हती. बोर्डाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "या मॅडमकडे शिकायचंय."

"मीच ती," सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी बोर्डाकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि हसल्या. "नाही हो काकू, त्यांचीच वेळ द्या ना."

सासूबाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "त्यांची वेळ भरलीय. माझी मोकळी आहे. बसा."

पाऊण तासाने गाडी परत आली. बाईंनी ती अरुंद गल्लीतून रिव्हर्सने आत आणून लावली आणि उतरून थेट जाहीर केलं, "मला त्या मॅडम नकोतच. मी तुमच्याकडेच येणार." त्यांनी बँकेत सांगितलं, बँकेने बाजारात. महिन्याभरात क्लास भरला. फाटकाशी येणारी प्रत्येक बाई आधीच बजावते, बोर्डावरची नको, त्या वयस्कर काकूच हव्यात.

मी पुन्हा फोटो काढायचं म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, "राहू दे तिला. तिच्याकडे बघून लोकांना माझी पारख होते." अशी सासू शोधून सापडणार नाही, हे मी लिहून देते.

परवा सासूबाई शिकवायला गेल्या होत्या. मी फडक्याने बोर्ड पुसत होते. एक नवीन बाई थांबल्या. फोटोकडे बघून म्हणाल्या, "काय तेज आहे हो चेहऱ्यावर."

इतक्या दिवसांनी कुणीतरी माझ्या कामाला दाद दिली होती. मी लाजून म्हणाले, "आमच्याच घरातल्या आहेत."

त्यांनी फोटो बघितला, मग मला निरखून बघितलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ही तुमची धाकटी बहीण ना? असंच असतं. थोरलीलाच सगळं घर ओढावं लागतं. दिसतंच की."